बटाट्यांचा वाटा

उम्सुन एजे, म्हणजे उम्सुनताई, कुणाच्याही घरी गेली की उंबऱ्यात बूट काढायची, मग डावा मोजा काढायची आणि उघडी टाच जमिनीच्या फळीवर टेकवून क्षणभर गप्प उभी राहायची. ख्यालीखुशाली त्यानंतर.

बसताना गालिचा बाजूला सारायची. घरातली बाई ओरडायची, "पाहुणीला फळीवर बसवलं म्हणून गाव मला नावं ठेवेल ना!" एजे म्हणायची, "पाहुणी फळीलाच भेटायला आली आहे."

काड्यांची पेटी सतत तिच्या खिशात असे. ती चुलीसाठी नव्हती. खोलीच्या कोपऱ्यात काडी धरायची आणि ज्योत कुठे कलते ते बघायची.

लोकरीची चिमूट कानाशी नेऊन ताणायची. आवाजावरून सांगायची की मेंढी कोणत्या डोंगरावर चरली. ही थाप असणार. पण पडताळून बघायला कुणी डोंगरावर गेलं नाही.

घराच्या फळ्यांच्या जमिनीखालच्या पोकळीत शिरण्याआधी तीनदा टकटक करायची, मांजरींना निघून जायला वेळ मिळावा म्हणून.

नोरुझच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, सकाळी गल्लीभर बायका सुमोलोकची, म्हणजे गव्हाच्या कोंबांच्या खिरीची, कढई ढवळत असायच्या, आणि ही लोखंडी आकडा घेऊन घरोघर फिरायची. हिवाळाभर जोत्याच्या झरोक्यांत कोंबलेला पेंढा ओढून बाहेर काढायची. "जमिनीला श्वास घेऊ द्या. फळ्या कुजल्या तर बोल मला लागेल."

आणि स्वतःच्या घरात ती दोन मोज्यांवर जाड लोकरीचे बूट चढवून वावरायची. कारण तिच्या घराची जमीन बर्फासारखी गार होती.

काराबुलुन गावातल्या साठाहून जास्त घरांच्या जमिनी तिने उबदार केल्या. तिची स्वतःची तशीच राहिली. दिव्याखाली अंधार, असं नव्या माणसाला वाटायचं. जुन्या माणसांना कारण माहीत होतं. कारण होतं झापार आकेच्या घरचे बटाटे.

बेर्मेत ही झापार आकेची, म्हणजे झापारदादाची, सून. नारिनच्या विद्यापीठातून साहित्य शिकून आलेली, गावच्या शाळेत शिकवणारी. लग्नानंतर महिन्याभरात तिला ही बटाट्यांची गोष्ट चार जणांकडून चार तऱ्हांनी ऐकायला मिळाली. तिने त्यातली एजेची खरी मानली. तीच सगळ्यांत छोटी होती.

सामूहिक शेती होती तेव्हा उम्सुन एजे लोकरीच्या गोदामात प्रतवारी करायची. मग शेती मोडली. मेंढ्या वाटल्या गेल्या, गोदामाचे पत्रेसुद्धा लोकांनी नेले. लोकर विकत घ्यायला कुणी येईना. कातरणीच्या दिवसांत लोक पोतीच्या पोती ओढ्याच्या घळीत ओतायचे. एजे काठावर उभी राहून बघायची. लांडग्याने मेंढी फाडली तर तिला वाईट वाटायचं. याचं जास्त वाटायचं.

त्या वर्षी पानगळीतच थंडी उतरली. गावच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत चार बायका बूट घालून पलंगावर पडल्या होत्या. भिंती जाड होत्या, शेगडी लाल झाली होती. गारठा खालून येत होता. फळ्यांखाली हातभर उंचीची पोकळी आणि त्या पोकळीत खिंडीतून उतरलेला वारा. एजे तिथे आपल्या भाचीला भेटायला गेली होती. तिने टाच टेकवली आणि नर्सला म्हणाली, "मला थोडे दिवस दे. आणि मी खाली काय करते ते विचारू नकोस."

घळीतली लोकर तिने वर आणली. नदीत धुतली, कसर लागू नये म्हणून टाकणखाराच्या पाण्यात बुडवून काढली, कुंपणांवर वाळवली, पिंजली. मग पोटावर सरपटत पोकळीत शिरली. दोन तुळयांमधल्या प्रत्येक खणात लोकर भरली. ती खाली लोंबू नये म्हणून बोरूच्या चटया लावल्या, तंबूभोवती गुंडाळतात त्याच, आणि त्यांना विलो झाडाच्या पट्ट्या ठोकल्या.

"लोकर दाबायची नाही," ती पुढे प्रत्येकाला सांगायची. "दाबली की मेली. ऊब लोकरीत नसते. लोकरीने धरून ठेवलेल्या हवेत असते."

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळंतिणींनी बूट काढले.

मग बोलावणी सुरू झाली. तिला हसणारेही कमी नव्हते. "माणूस म्हातारपणी काठी धरतो. ही चाळिशीतच रांगायला लागली!" एजे म्हणायची, "तुमच्या पायांखाली रांगते, तुमच्या पायांवर नाही. चालू द्या."

पाचव्या वर्षी झापार आकेने तिला बोलावलं. मोठं घर, सात माणसं, गल्लीतली सगळ्यांत गार जमीन. एजेने जीव ओतून काम केलं. एक खण सोडला नाही, बोटभर फट ठेवली नाही. डिसेंबरअखेर झापार आके अनवाणी घरभर फिरून लोकांना बोलावून आपले पाय दाखवत होता. "बघा! हे माझेच पाय आहेत!"

जानेवारीत त्याची बायको काल्बुबू बटाटे काढायला झडप उचलून खाली उतरली. स्वयंपाकघराच्या फळ्यांखाली, पोकळीच्या मातीत खणलेला खड्डा, तोंडावर सैल फळकुटं टाकलेली. गावात सगळ्यांचे बटाटे तसेच राहतात. तिने एक बटाटा उचलला. तो दगडासारखा लागला. दुसरा उचलला. तोही. सातशे किलो बटाटे गोठले होते. घरात आणले तसे काळे पडले, त्यांतून गोडसर पाणी सुटलं, आणि गुरांनीही तोंड लावलं नाही.

एजेने तिथे जाऊन पाहिलं आणि तिला तिथल्या तिथे कळलं. इतकी वर्षं जी ऊब फळ्यांतून गळून वाया जाते म्हणून सगळे हळहळायचे, तीच ऊब खाली बटाट्यांना जगवत होती. तिने ती पुरती बंद केली होती.

आधीच्या घरांत तिचं काम इतकं सफाईचं नव्हतं. कुठे खण सुटला होता, कुठे लोकर विरळ पडली होती. तिच्या चुकांनी त्या लोकांचे बटाटे वाचले होते. झापार आकेच्या घरी मात्र तिने एकही चूक केली नव्हती.

"पाय राखलेस आणि पोट घालवलंस!" झापार आके अंगणात उभा राहून ओरडला. गल्ली गोळा झाली. त्याने स्वतः खाली शिरून चटया उपसल्या आणि सगळी लोकर बर्फात फेकली. एजे बर्फात उतरली. तिने लोकर गोळा केली, अकरा पोती भरली, आणि एक एक पोतं पाठीवर घेऊन सगळ्यांच्या देखत घरी नेलं. अकरा खेपा. संध्याकाळी परत आली ती आपल्या घरच्या बटाट्यांचं पोतं ओढत. दुसऱ्या दिवशी दुसरं. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे द्यायला उरले नाहीत.

त्या दिवशी झापार आकेच्या फाटकाशी उभी राहून ती काल्बुबूला म्हणाली, "ही अकरा पोती मी माझ्या जमिनीत घालणार. पण आज नाही. तुझ्या घरची जमीन उबदार झाली आणि बटाटेही राहिले, मग घालीन."

"म्हणजे कधीच नाही," काल्बुबू म्हणाली. "हा तुला पुन्हा उंबऱ्याला पाय लावू देणार नाही."

"मग कधीच नाही," एजे म्हणाली.

पुढचे तीन हिवाळे ती लोकांच्या पोकळ्यांत पाण्याच्या वाट्या ठेवत हिंडली. भिंतीशी एक, मधोमध एक, खड्ड्याच्या काठावर एक. सकाळी जाऊन बघायची, कुठल्या वाटीत बर्फ धरलं, कुठल्या वाटीत नाही. लोक म्हणायचे, उम्सुन भुतांना पाणी पाजते. चौथ्या वर्षी तिचं गणित जमलं. खड्ड्याच्या बरोबर वर, दोन वीत लांब-रुंद जागा तिने उघडी सोडली. तिथे लोकर नाही, चटई नाही, नुसती फळी. आणि खड्ड्याच्या चहूबाजूंनी तुळयांपासून मातीपर्यंत लोकरीचा जाड पडदा सोडला. वरून जी काही ऊब गळेल ती फक्त खड्ड्यात गळावी, पोकळीभर उधळू नये.

त्या उघड्या जागेला गावाने नाव दिलं, बटाट्यांचा वाटा. घरधनी कितीही श्रीमंत असो, एजे आधी वाटा मोजायची. "वर राहणाऱ्यांचं नंतर बघू. आधी खालचे."

एकेक करत साऱ्या गल्लीत वाटे झाले. एक घर सोडून.

बेर्मेत त्या घरात आली ती ऑक्टोबरात. पहिल्याच सकाळी चहा ओतायला उठली आणि तिच्या पायांतून कळ डोक्यापर्यंत गेली. उम्सुन एजे तिला नदीवर भेटली, शेवटची लोकर धुताना.

"तू झापारची सून ना?"

"हो, एजे. तुम्ही कसं ओळखलंत?"

"उभ्या उभ्या पाय बदलतेस. त्या घरच्या सगळ्या बायका तशाच उभ्या राहतात. कोंबड्यांसारख्या."

बेर्मेत इतकी हसली की हातातली बादली पाण्यात गेली. तिथून मैत्री झाली. चाळीस वर्षांचं अंतर होतं. शाळा सुटली की बेर्मेत तिच्याकडे जायची, दोघी बूट न काढता चहा प्यायच्या, आणि भिंतीशी रचलेली अकरा पोती त्यांच्याकडे बघत असायची. दर उन्हाळ्यात एजे ती उघडून ऊन दाखवायची, पुन्हा बांधून ठेवायची. बेर्मेतने एकदा म्हटलं, "एजे, निदान पलंगापुरतं तरी घाला. कुणाला कळणार आहे?"

"पोत्यांना कळेल," एजे म्हणाली.

बेर्मेतला मुलगी झाली, जानेवारीत. आक्मारल. पुढच्या सप्टेंबरात बटाटे खड्ड्यात गेले, ऑक्टोबरात पोर धरून उभी राहायला लागली आणि खोकायला लागली. सासऱ्यापुढे सुनेने तोंड उघडायचं नसतं. बेर्मेतने उघडलं नाही. एका सकाळी झापार आके चहा पीत बसला होता. तिने पोरीचे मोजे काढले, तिला त्याच्या समोर, बुटक्या मेजाला धरून, फळ्यांवर उभं केलं आणि आपण मागे सरली. आक्मारलने एक पाय उचलला. तो टेकवला, दुसरा उचलला. मग पहिला. आजोबाकडे बघून तिने ओठ काढला.

झापार आकेने वाटी खाली ठेवली. बराच वेळ त्याने पोरीचे पाय आपल्या तळहातांत धरले.

"त्या रांगणारीला बोलाव," तो म्हणाला.

एजे आली. उंबऱ्यात डावा मोजा काढला, टाच टेकवली. बारा वर्षांनी.

"बटाटे गेले तर?" झापार आकेने तिच्याकडे न बघता विचारलं.

"तर आके, त्यांच्या जागी मला पूर."

"तू बारीक आहेस. खड्डा भरणार नाही."

"मग सोबत तूही ये."

काल्बुबूने रुमालाआड हसू दाबलं. एजेने पाच दिवस काम केलं. नवी लोकर आणली. ती अकरा पोती नाहीत. शेवटच्या दिवशी तिने झापार आकेला झडपेतून खाली उतरवलं, कंदील त्याच्या हातात दिला आणि डोक्यावरची उघडी फळी दाखवली. "हा त्यांचा वाटा. वर कधी गालिचा टाकू नका."

पोरीचा खोकला आठवड्यात गेला. पण डिसेंबरपासून झापार आके रोज सकाळी चहाआधी खाली उतरायचा, एक बटाटा उचलायचा, अंगठ्याने दाबायचा आणि गुपचूप वर यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "उंदीर बघत होतो." जानेवारीचा गारठा उणे तिसाच्या खाली गेला तेव्हा तो दिवसातून दोनदा उंदीर बघायला लागला. बटाटे कसे आहेत ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. एजेने विचारलं नाही. बोलावल्याशिवाय ती त्या घरात आली नाही.

बेर्मेतचा नवरा फेब्रुवारीत मॉस्कोला कामावर परतणार होता. म्हणून आक्मारलची दोरी जानेवारीतच कापायची ठरली. पोर वर्षाची झाली की तिच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. शर्यत लागते, जिंकणारा ती दोरी कापतो, आणि पोर मोकळ्या पायांनी चालायला लागते. ज्याच्या हाताने कापली, त्याच्यासारखी चाल पोराला लागते, असं सगळे मानतात. म्हणून कोण कापणार हे शर्यतीआधीच घरात ठरलेलं असतं, आणि शर्यतीत बाकीचे शहाण्यासारखे मागे राहतात.

काल्बुबूचं ठरलेलं होतं. तिचा भाऊ एसेनकुल. जिल्हा कचेरीत मोठा माणूस, गुबगुबीत, नवी गाडी.

चाळीसेक पाहुणे जमले होते. कढईत मटण रटरटत होतं, बोर्सोकांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डोंगर चादरीवर ओतला होता. उम्सुन एजे दाराशी फळीवर बसली होती. दोरी तिने वळून आणली होती.

"दोरी एसेनकुल कापेल," काल्बुबू म्हणाली.

"आपा," बेर्मेत सासूला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दोरी उम्सुन एजेने कापावी, असं मला वाटतं."

 मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अगं पोरी," काल्बुबू म्हणाली, "ती जन्मभर रांगली. तिने कापली तर तुझी लेक चालायची कशाला?"

"रांगणाऱ्याने चालायला शिकवायचं," एसेनकुल म्हणाला, "तर मग उडायला माशाला बोलवू!"

आता सगळेच हसले. एजेही हसली. पण तिची बोटं झग्याच्या काठातली लोकर चिमटीने उपसत होती. "काल्बुबूचं बरोबर आहे," ती म्हणाली. "दोरी मी वळली. तेवढं मला पुष्कळ." सोळा-सतरा वर्षं ती गावातल्या प्रत्येक पोराच्या पायांखाली होती. दोरी कापायला तिला कुणीही, कधीही बोलावलं नव्हतं. हे बेर्मेतला तेव्हा, त्या बोटांकडे बघताना कळलं.

"दोरी शर्यत जिंकणारा कापतो," झापार आके म्हणाला.

"म्हणजे मीच, आके," एसेनकुल म्हणाला. "बाहेर उणे अठ्ठावीस आहे. माझ्याशिवाय धावणार कोण?"

"बाहेर कोण म्हणालं?" झापार आकेने पायाने फळी ठोकली. "इथे खाली. मागच्या जोत्यातल्या दारातून आत शिरायचं, स्वयंपाकघराच्या झडपेतून वर यायचं. जो आधी वर, त्याच्या हातात सुरी."

"आके, मी? रांगू?"

"का? खुर्चीवर बसून बसून गुडघे विसरलास?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. एसेनकुलने कोट काढला. शाळेतला खेळाचा मास्तर उठला, बेर्मेतच्या नवऱ्याची एक वहिनी बाह्या सारून उठली. "एजे, चला," बेर्मेत म्हणाली. एजेने तिच्याकडे बघितलं, डोक्याचा रुमाल घट्ट केला, आणि खिशातली काड्यांची पेटी तिच्या हातात दिली. "धर. चिरडेल."

चौघं बाहेर गेली. पाहुणे मोज्यांवर खोलीभर उभे राहिले आणि खालच्या आवाजाला कान दिला. आधी तीनदा टकटक. सगळ्यांना ती माहीत होती; एक म्हातारी म्हणाली, "मांजरांनो, पळा." मग खरखर सुरू झाली. "माझ्या पायाखालून कुणीतरी गेलं!" "इकडे दोघं आहेत!" "हा जोराचा श्वास एसेनकुलचा!" माणसं आवाजामागे सरकत होती. खोलीतली सगळी गर्दी हळूहळू स्वयंपाकघराकडे वाहायला लागली. धप्पकन आवाज आला, तुळईला डोकं लागल्याचा, आणि पाठोपाठ मास्तरच्या तोंडून शाळेत चालणार नाही असा शब्द. मग एसेनकुलचा कोंडलेला आवाज: "अहो! इथे भिंत आहे! मी अडकलो!"

"भिंत नाही ती," खालूनच एजेचा आवाज आला, खूप पुढून. "बटाट्यांची गोधडी आहे. उचला आणि या."

झडप वर उचलली गेली. रुमाल दिसला, रुमालावर कोळ्याचं जाळं, त्याखाली एजेचं काळंकुट्ट तोंड. ती कोपरांवर वर आली, उभी राहिली. एका हातात बटाटा होता.

तिने तो झापार आकेसमोर धरला.

त्याने घेतला. अंगठ्याने दाबला. वास घेतला. त्याला बघायची गरज नव्हती, रोज बघत होता. पण त्याने सगळ्यांसमोर, सावकाश बघितला. मग बटाटा कोनाड्यात ठेवला, तिथे काचेच्या मागे घरातली पदकं आणि फोटो होते. कमरेची सुरी काढली आणि पात्याकडून धरून मूठ तिच्यापुढे केली.

"उम्सुनाय," तो म्हणाला. तिचं पूर्ण नाव घेणारा तो एकटाच निघाला. "मी तुझी लोकर बर्फात टाकली होती."

"चांगली धुतली गेली," एजे म्हणाली.

तिने गुडघ्यांवर बसून दोरी कापली. आक्मारल अनवाणी होती. तिने एक पाऊल टाकलं. थांबली. पाय बदलले नाहीत. नुसती उभी राहिली, तळवे पूर्ण टेकून, फळीवर. मग दुसरं पाऊल, तिसरं, आणि एजेच्या काळ्या हातांत पडली. खोलीत जो आरडाओरडा झाला त्यात एसेनकुल झडपेतून वर येतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला ओढून काढायला तिघे लागले.

काल्बुबू डोळे पुसत म्हणाली, "आणि रांगलीच तर?"

"तर मला बोलाव," एजे म्हणाली. "सोबतीला येईन."

त्या दिवसानंतर काराबुलुनमध्ये कुणी तिला हिणवून रांगणारी म्हटलं नाही. म्हटलं, तर मान वर करून म्हटलं.

दुसऱ्याच सकाळी एजेने पहिलं पोतं सोडलं. गुडघे दुखत होते म्हणून खालून न शिरता ती वरून फळ्या उचलून काम करत होती. "स्वतःच्या घरी तरी माणसाने उभ्याने राबावं," ती बेर्मेतला म्हणाली. रोज एक खण. घाई नाही. बारा वर्षांची लोकर पुन्हा पिंजायची होती. दाराकडून सुरुवात केली होती, खिडकीकडे सरकत होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने बेर्मेतला बूट काढायला लावले. दोघी पहिल्यांदा त्या घरात अनवाणी चहा प्यायल्या. पोतं एकच उरलं होतं. "नोरुझच्या आत," एजे म्हणाली. "मग आकडा घेऊन निघायचं आहे."

दहा तारखेला तिच्या धुराड्यातून धूर निघाला नाही.

बेर्मेत गेली तेव्हा एजे शेगडीजवळच्या तिवईवर बसलेली होती, भिंतीला पाठ टेकून. हातात वाटी होती. चहा सांडला नव्हता. डॉक्टर म्हणाला, हृदय. बेर्मेतने त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो तेच म्हणाला.

अंगणात मयतासाठी तंबू उभा राहिला. साऱ्या गावातून माणसं आली, दवाखान्यातल्या त्या चार बाळंतिणींपैकी तिघी आल्या, त्यांची मुलं बापांएवढी झाली होती. बायका चहा करायला घरात यायच्या. सगळ्यांत आधी काल्बुबू आली. ती उंबऱ्यात थांबली. बूट काढले, मग वाकून डावा मोजा काढला, आणि टाच फळीवर टेकवली. क्षणभर गप्प उभी राहिली. मगच बेर्मेतला मिठी मारून तिने हंबरडा फोडला. तिच्या मागच्या बाईने तसंच केलं. तिच्या मागचीनेही. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या उंबऱ्यात डाव्या मोज्यांची रांग लागली होती.

जमीन उबदार होती. दारापासून पलंगापर्यंत, पलंगापासून चुलीपर्यंत, चुलीपासून खिडकीच्या अलीकडे हातभरापर्यंत.

खिडकीखाली दोन फळ्या उचललेल्या होत्या. भिंतीला टेकवून, खिळे बशीत काढून. खणात चटई पसरलेली होती आणि अर्ध्या खणात लोकर. बाजूला अकरावं पोतं, तोंड उघडं, अर्धं रिकामं. त्याच्याशेजारी पिंजून ठेवलेला ढीग, हलका, न दाबलेला, त्यावर काड्यांची पेटी. उरलेल्या अर्ध्या खणातून वारा येत होता. ढिगाची वरची लोकर हलत होती.